दुर्गाने गाडी पाहिलीच नव्हती

रविवार, रात्री साडेअकरा

आज बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'पथेर पांचाली' वाचून संपवली. बंगाली कादंबरी. सत्यजित राय यांचा सिनेमा कॉलेजात असताना पाहिला होता, नंतरही दोनदा पाहिला. मूळ पुस्तक मात्र पस्तिशी उलटल्यावर हातात आलं, तेही अनुवादात.

सिनेमा पाहिलेल्या कुणालाही विचारा, काय आठवतं? पांढऱ्या तुऱ्यांचं उंच गवत, त्यातून धावणारी बहीण-भाऊ आणि काळा धूर सोडत जाणारी आगगाडी. मलाही तेच आठवत होतं. म्हणून पुस्तक वाचताना मी त्या पानाची वाट बघत होतो. दीडशे पानं झाली, दोनशे झाली, ते पान काही येईना.

पुस्तकात झालंय ते असं. हरवलेलं वासरू शोधायला अपू आणि दुर्गा रानात जातात आणि दुर्गाच्या डोक्यात येतं, चल, रेल्वेचा रस्ता बघून येऊ. दोघं पळत सुटतात. पुढे दलदल लागते, वाट चुकते, हात हलवत घरी येतात. नंतर एकदा अपू वडिलांबरोबर परगावी जातो, तेव्हा वाटेत रूळ लागतात. गाडी यायला बराच वेळ असतो. तो थांबू या म्हणतो, वडील थांबत नाहीत. आणि मग दुर्गा तापाने अंथरुणाला खिळते. त्या अंथरुणावरून ती धाकट्या भावाला विचारते, मी बरी झाले की मला एकदा रेलगाडी दाखवशील का? तो हो म्हणतो. ती बरी होत नाही.

मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. इतकी वर्षं मी मनात धरून बसलो होतो की बिचारीने निदान गाडी तरी पाहिली. ती गाडी तिला सिनेमाने दिली. बिभूतिभूषणांनी नाही दिली.

सोमवार

ऑफिसातही डोक्यात तेच.

मृत्यूचा प्रसंग त्यांनी फार लांबवलेला नाही. रडवलंय ते पुढे, गाव सुटतं तेव्हा. वडील काशीला जायचं ठरवतात, निश्चिंदिपूरचं घर मोडतं आणि अपू आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसतो. ज्या गाडीसाठी दोघांनी रान तुडवलं त्याच गाडीत तो एकटा. स्टेशनचा सिग्नल मागे पडतो आणि त्याला वाटतं, दीदी गावाच्या वेशीवर उभी राहून आपल्याकडे बघतेय. ती गेली तरी बांबूच्या बनात, आंब्याखाली, घाटावर, जिथे दोघं खेळली तिथे ती होतीच. आज खरी ताटातूट. तो मनातल्या मनात तिला सांगतो की मी तुला विसरलो नाही, मुद्दाम टाकून चाललो नाही, हे लोक मला नेताहेत.

इतक्या लहान मुलाला माणूस मेल्यावर नाही, तर गाव सुटल्यावर मरण कळतं. हे इतकं खरं आहे की मला ते पान पुन्हा उघडवेना.

दुसरा एक प्रसंग मात्र मी तीनदा वाचला. दुर्गाने कुठूनशा कैऱ्या आणल्यात. आई घाटावर गेलीय. ती अपूला म्हणते, जा, तेल-मीठ घेऊन ये. त्याला भीती, पारोशा कपड्यांनी तेलाच्या भांड्याला हात लावला तर आई मारेल. तरी आणतो. दोघं घाईघाईने कैरी कालवून खातात. आईची चाहूल लागते तेव्हा दुर्गाला काय दिसावं? भावाच्या तोंडाला लागलेलं मीठ. पूस, म्हणते.

हे बंगालमधलं नाहीच. हे आमच्या पडवीतलं आहे. ताईने किती वेळा असं मनगटाने माझं तोंड पुसलंय. त्या भागाचं नावच आहे 'आम आंटीर भेंपू', म्हणजे आंब्याच्या बाठ्याची पिपाणी. पावसाळा लागला की उकिरड्यावर टाकलेले बाठे उकलून कोंब यायचे. ताई तसला बाठा उचलायची, वरचं साल सोलायची आणि आतला गर पायरीच्या जांभ्या दगडावर घासत बसायची. फुंकून बघायची, पुन्हा घासायची. मधेच जमून जायचं आणि पों करून वाजायचं. तोंडात तुरट चव रेंगाळायची. मला ती स्वतःच्या तोंडातली काढून द्यायची, फ्रॉकला पुसून.

मंगळवार, पहाटे

झोप नाही. बिभूतिभूषणांविषयी चाळत बसलो. जन्म १८९४. ही कादंबरी लिहिली भागलपूरच्या मुक्कामात, १९२५ ते १९२८, पुस्तक आलं १९२९ मध्ये. अपूत ते स्वतः आहेत, अपूच्या वडिलांत, हरिहरात, त्यांचे कथा सांगत फिरणारे वडील आहेत. पण दुर्गा? सांगतात ते असं, की पहिल्या खर्ड्यात दुर्गा नव्हतीच. भागलपुरात त्यांना एक मुलगी दिसली, केस वाऱ्यावर उडणारे, डोळ्यांत काहीतरी दुखरं. तिला पाहिल्यावर वाटलं की हिच्याशिवाय लिहिलेलं फुकट, आणि सगळं पुन्हा लिहायला घेतलं.

म्हणजे लेखकाच्या आठवणीत जी नव्हती, तीच त्या बालपणात सगळ्यांत जिवंत झाली. माझ्या मते ती बालपणाला हवी होती म्हणून आली. एकट्या मुलाला आठवणीत सोबत लागते.

मंगळवार, रात्री

ताईला फोन केला. ती गावीच असते, आमच्या घरापासून दोन वाड्या सोडून. बाठ्याच्या पिपाणीचं विचारलं तर हसली. म्हणाली, "माझ्या धाकटीला करून दिली होती, वाजवायला तिला जमलंच नाही."

मग मी दुर्गाची गोष्ट सांगितली. गाडी राहून गेली ते सांगितलं आणि म्हणालो, "आपण नशीबवान. आपण दोघांनी मिळून बघितली."

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला सगळ्या मार्गावर सुरू झाली. आमच्या भागात गाडी आली ती त्याच सुमारास. सगळा गाव स्टेशनवर लोटला होता. मला लख्ख आठवतं: बाबांच्या खांद्यावरून खाली उतरून मी ताईचा हात धरला, तिच्या अंगात पिवळा फ्रॉक होता, गाडी आली तेव्हा तिने माझे कान झाकले.

ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, मी कुठे होते? मी घरी होते. आजीजवळ."

मी म्हणालो, "नाही ग, तुझा पिवळा फ्रॉक..."

"तो गणपतीतला. त्या दिवशी आजीला उठवत नव्हतं, कुणीतरी थांबायला हवं होतं. आई म्हणाली, ताई थांबेल."

तेव्हा ती बारा वर्षांची होती.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मी तिला त्या फलाटावर उभं केलं होतं. माझे कान तिनेच झाकलेत याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. मग कुणी झाकले? आईने असतील. मला काही बोलायला सुचेना.

तीच पुढे बोलली. "तू घरी आलास ना, आजीच्या पानाच्या डब्यातल्या सुपाऱ्या काढल्यास आणि पडवीत एकामागे एक लावल्यास. हे इंजिन, हा पहिला डबा, हा दुसरा. अडकित्ता आडवा ठेवलास, तो पूल. आजीपण उशीवरून मान वळवून बघत होती." मग म्हणाली, "सतरा डबे होते. सतराव्या सुपारीला कीड लागली होती, ती तू शेवटी लावलीस."