आजींच्या मांडीतली प्लेट

मी बीपीएमटीच्या, म्हणजे पॅरामेडिकल तंत्रज्ञानाच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला होते, ऑपरेशन थिएटरच्या शाखेला. तीन वर्षं शिक्षण आणि वर्षभर इंटर्नशिप असा हा अभ्यासक्रम. पहिलं वर्ष औजारांची नावं, ऑटोक्लेव्ह (वाफेने औजारं निर्जंतुक करायचं यंत्र) आणि गॅस सिलिंडरचे रंग पाठ करण्यातच गेलं. थिएटरमध्ये पेशंटजवळ उभं राहायला मिळालं ते दुसऱ्या वर्षी.

त्या दिवशी पहिली केस पंचाहत्तरीच्या आजींची. अंगणात घसरून उजवा खुबा मोडलेला, खुब्याच्या सांध्यातला गोळा बदलायचा होता. मणक्यातून भूल द्यायची होती. मोडलेल्या खुब्याने उठून बसणं म्हणजे काय यातना असतात, ते त्या दिवशी जवळून पाहिलं. मी समोर उभी राहिले, त्यांचं कपाळ माझ्या खांद्यावर टेकवलं आणि म्हटलं, "आजी, मला धरा आणि मांजरासारखी पाठ बाहेर काढा." त्यांनी माझा गाऊन मुठीत गच्च धरला. सुई आत जाईपर्यंत त्या हलल्या नाहीत. फक्त श्वास तेवढा माझ्या मानेवर लागत होता, गरम गरम.

पाच-सात मिनिटांत कमरेखाली बधीर झालं. आम्ही त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली, अंगावर चादर ओढली. आता कॉटरीची, म्हणजे विजेच्या करंटने कापणाऱ्या आणि रक्त थांबवणाऱ्या यंत्राची, प्लेट लावायची. कॉटरीच्या टोकातून शिरलेला करंट या रुंद प्लेटमधून परत जातो. प्लेट मांसल जागी सपाट चिकटली तर काही कळतसुद्धा नाही. पण व्रणावर, हाडावर किंवा आत धातू असलेल्या जागी लावली तर करंट एका ठिकाणी एकवटून कातडी भाजू शकते. आणि बधीर पेशंटला ते कळतही नाही.

आमच्या मॅडमनी एक सवय लावली होती. पेशंट जागा असेल तर अंगाला हात लावण्याआधी सांगायचं. म्हणून म्हटलं, "आजी, डाव्या मांडीला प्लेट लावतेय हं."

"तितं प्लेट हाय की आदीच."

मला वाटलं, घाबरून काहीतरी बोलतायत. "नाही आजी, अजून लावायचीय," म्हणत मी प्लेटवरचा कागद सोलायला घेतला.

"अगं पोरी, हाय म्हनते ना! बैलगाडीवरनं पडले तवा घातलीया."

डोक्याशी बसलेल्या भूलतज्ज्ञ सरांनी मान वर केली. "थांब. बघ आधी."

मी चादरीखाली हात घातला. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, कुशीखाली दबलेला, गुडघ्यापासून वर गेलेला लांबच लांब व्रण बोटांना लागला. फाइलमध्ये मात्र 'पूर्वीचं ऑपरेशन: नाही' असं लिहिलेलं. ती माहिती सोबत आलेल्या पुतण्याने दिली होती, आणि आजींना कुणी विचारलंच नव्हतं. खुब्याच्या एक्स-रेमध्ये गुडघ्याजवळची प्लेट दिसणार कशी?

ऑपरेशन सुरक्षित व्हावं म्हणून केलेली जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची १९ मुद्द्यांची यादी आम्ही त्या सकाळीही वाचली होती. नाव, बाजू, संमती, ॲलर्जी, सगळं. पण जुन्या धातूचा प्रश्न त्या १९ मुद्द्यांत नाही. अनेक रुग्णालयं तो स्वतःहून जोडतात. आमच्याकडच्या कागदावर नव्हता.

सर काही रागावले नाहीत. पाठीवर मांसल जागा बघून त्यांनी स्वतः प्लेट लावून घेतली. सर्जन औजारांच्या टेबलाजवळ हात धुऊन उभे होते, त्यांना सगळं सांगितलं आणि मगच जंतुनाशक लावायला सुरुवात झाली. माझे हात थंड पडले होते. मी बोलले नसते, तर बधीर झालेल्या आजींना मांडीला काय लागलंय हे समजायचा दुसरा मार्गच नव्हता. आणि त्या बोलल्यावरही मी ऐकलं नव्हतं, हे मला फार लागलं.

ऑपरेशन सुरू असताना मी डोक्याशी स्टुलावर बसून होते. हातोडीचा आवाज आला की त्या डोळे मिटायच्या, मी कपाळावर हात ठेवायचे.

रिकव्हरीत नेल्यावर फाइलमधला तो 'नाही' खोडला, 'डावी मांडी, जुनी प्लेट' असं लिहिलं, सही केली. पेन बंद करतेय तोवर आजींनी विचारलं, "माझी जुनी प्लेट काडली न्हाई न्हवं?"

"नाही आजी, तिथंच आहे."

"मग बरं," म्हणाल्या आणि चहा कधी मिळेल ते विचारू लागल्या.