गोंधळाला या म्हणलं की देव येतात, डोंबिवलीकर येत नाहीत

मेळावा होऊन बारा दिवस झाले आणि हिशोब अजून जुळत नाहीय. बँकेत ५०१ रुपये जास्त दिसतायत, कुणाचे ते कळेना. तोवर हे लिहून काढतो, कारण अध्यक्ष म्हणाले अहवाल तू लिही पण अहवालासारखा लिहू नको. आता खजिनदार माणूस दुसरं काय लिहिणार, पण बघू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमचं मंडळ म्हणजे वाई तालुक्यातल्या एका छोट्या गावचे मुंबईकर. गिरणीवाले, माथाडी, नंतर बेस्ट आणि बँकेतले, आणि आता त्यांची आयटीवाली पोरं. पहिले मेळावे चाळीच्या पटांगणात व्हायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या वर्षी निम्मी लोकं गावालाच गेलेली, म्हणून मेळावाही गावालाच देवळासमोर झाला, मी तेव्हा सहावीत होतो आणि रात्रभर जागून देवीचा गोंधळ पहिल्यांदा पूर्ण ऐकला तो तिथं. पुढे बरीच वर्षं परळचं दामोदर नाट्यगृह ठरलेलं असायचं. शंभरी पार केलेलं ते थिएटर २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी बंद झालं आणि तेव्हापासून आम्ही दरवर्षी नवा हॉल शोधतोय. यंदा नवी मुंबईत मिळाला. लगेच डोंबिवली आणि विरारवाल्यांची कुरकुर सुरू, लांब पडतं म्हणून. अरे, परळला असताना पण लांबच पडायचं की तुम्हाला!

दीपप्रज्वलन झालं, राज्यगीत झालं, पाहुण्यांचे सत्कार झाले, दहावी-बारावीच्या पोरांना पेनं दिली, अहवाल वाचला (कुणी ऐकला नाही, मी स्वतः वाचला म्हणून सांगतो). हे सगळं दरवर्षी होतं आणि दरवर्षी अर्धा तास उशिरा होतं. त्यावर जास्त लिहायचं कारण नाही.

लिहायचंय ते बुवांच्या गोंधळावर.

आमचे बुवा म्हणजे गावचेच गोंधळी, पिढीजात, कदमराई. म्हणजे तुळजाभवानीचे. माहूरच्या रेणुकेचे असतात ते रेणुराई. ८२ साली त्यांचे वडील गायले आणि बुवा तेव्हा दिवटी, म्हणजे गोंधळातली मशाल, धरून उभे होते, माझ्याच वयाचे. आता त्यांचा पुतण्या संबळ (काड्यांनी वाजवायचं जोडवाद्य) वाजवतो आणि दिवटी धरायला कुणी नाही, कारण यंदाच्या हॉलवाल्यांनी आत पेटती ज्योत चालणारच नाही म्हणून सांगितलं. मग दिवटी बाहेर कंपाऊंडमधे वाळूच्या बादलीत उभी केली आणि वॉचमनने तिच्यावर लक्ष ठेवलं. बुवांनी दारातनंच तिला हात जोडले आणि आत आले, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पण चौक मात्र व्यवस्थित मांडला. पाटावर नवं कापड, तांदूळ, कलश, नागवेलीची पानं, नारळ, वर पाच उसांचं मखर. ऊस मे महिन्यात कुठनं आणला ते पुढे सांगतो.

साऊंडवाल्या पोराने हौसेनं संबळाला दोन माईक लावलेले. पहिली काडी पडली तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. बुवा हसले, म्हणाले, "पोरा, ह्याला माईक नको, हा डोंगरापलीकडं जातो." दोन्ही काढले. तुणतुण्याला मात्र ठेवला, त्या बिचाऱ्याला एकच तार.

आणि मग आवाहन. दरवर्षी माझा घसा इथंच दाटतो आणि दरवर्षी मी खिशातले पैसे मोजल्यासारखं करतो. ज्यांनी कधी ऐकलं नाही त्यांना सांगतो, गोंधळात आख्यानाच्या आधी सगळ्या देवांना नाव घेऊन बोलवतात. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, वणीची सप्तशृंगी, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, एकेकाला गाव सांगून गोंधळाला ये म्हणायचं. मग बुवा जवळ जवळ येतात. मांढरदेवची काळूबाई, बावधनचा भैरवनाथ, वाईचा ढोल्या गणपती, मग आमच्या गावची वेस, वेशीवरचा म्हसोबा. इथपर्यंत परंपरा. इथनं पुढचं बुवांचं स्वतःचं. त्या वर्षात मंडळातलं जे कुणी गेलं त्यांना बोलवतात, नाव घेऊन नाही, खोलीवरनं नि कामावरनं. सातरस्त्याच्या खोलीतले थोरले, गोंधळाला या. साचाखात्यातले नाना, गोंधळाला या. पापड लाटून तीन पोरी उजवणाऱ्या आक्का, गोंधळाला या. हॉलमधे पंख्याचा आवाज ऐकू येतो त्यावेळी. नव्या सुना पण मोबाईल खाली ठेवतात.

यंदा गेलेल्यांची चिठ्ठी संपल्यावर थांबायचं ते बुवा थांबलेच नाहीत. समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं (दोनशे मांडलेल्या, एकशे दहा भरल्या, मी मोजल्यात) आणि त्याच चालीत पुढं गेले, डोंबिवलीची मंडळी गोंधळाला या, विरारची मंडळी गोंधळाला या, बदलापूरचे धाकटे गोंधळाला या. लोक हसले. मला हसू आलं नाही कारण बदलापूरचा धाकटा म्हणजे माझाच सख्खा भाऊ, तीन वर्षं झाली आला नाही. पहिल्या वर्षी गुडघा, दुसऱ्या वर्षी मुलीचा क्लास, यंदा काहीच सांगितलं नाही.

कुणीतरी व्हिडिओ ग्रुपवर टाकलाच. रात्री साडेअकराला धाकट्याचा फोन. नमस्कार नाही चमत्कार नाही, "दादा, बुवा गेलेल्यांना बोलवतात ना? मग माझं नाव का घेतलं?"

मी म्हणलं, त्यांनाच विचार.

असो. जेवणं झाल्यावर बुवांबरोबर मागच्या खोलीत बसलो होतो, ते प्रोग्रामनंतरच जेवतात. यंदाचा सीझन कसा झाला विचारलं. चंपाषष्ठीपासून अक्षय तृतीयेपर्यंत त्यांच्या डायरीत श्वास घ्यायला जागा नव्हती म्हणे, पौषात पालीला खंडोबाच्या लग्नाला, शाकंभरी पौर्णिमेला मांढरदेवला, रंगपंचमीला बावधनच्या बगाडाला, चैत्रात गावोगावच्या जत्रा आणि मधेमधे पुण्यातले लग्नाचे गोंधळ. म्हणलं मग चांगलं चाललंय की. तर म्हणाले, "तारखा वाढल्या आबा, तास कमी झाले." पुण्यात हॉल दहाला बंद, लाऊडस्पीकरही दहाला बंद, त्यामुळे रात्रभराचा गोंधळ चाळीस मिनिटात. आवाहन, एक कवन, आरती, की फोटो. एका जत्रेत तर ऑर्केस्ट्रावाले सामान लावत होते तेवढ्या वेळात गा म्हणाले. हे सांगताना ते भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते, खात नव्हते.

शाहीर साबळेंचा विषय निघतोच, पसरणीचे, आमच्याच तालुक्याचे, बुवांच्या वडलांनी त्यांना वाईत ऐकलेलं. बुवा म्हणतात साबळेंच्या 'महाराष्ट्राची लोकधारा'ने आमची कला टीव्हीवर नेली हे खरं, पण स्टेजवर सगळ्यांना पाच-पाच मिनिटं मिळतात आणि आख्यान पाच मिनिटात मावत नाही. म्हणून आता त्यांचं मोठं काम असं ठरलंय की वडलांच्या वहीतली आख्यानं पूर्ण, न कापता, रेकॉर्ड करायची. वही बुवांनी दाखवली, पिवळी, कडेला तेलाचे डाग दिवटीचे. त्यात जांभूळ आख्यान पण आहे. विठ्ठल उमपांनी ते रंगभूमीवर गाजवलं तेवढंच मला माहीत होतं, बुवांच्या घरातली चाल वेगळी आहे, द्रौपदी कर्णाबद्दलचं आपलं मन सांगते तिथं संबळ पूर्ण थांबतो, नुसतं तुणतुणं. त्यांनी दोन ओळी म्हणून दाखवल्या. जेवणारी पोरं गप्प झाली.

रेकॉर्डिंग पावसाळ्यात करायचंय, तेव्हा जत्रा नसतात. फक्त पत्र्यावर पाऊस वाजतो म्हणून देवळाचा गाभाऱ्यापुढचा मंडप ठरलाय. पुतण्या कालिन्याला मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत शिकतोय, मशीन तो आणणार. त्याला संबळाबरोबर गिटार घ्यायचीय. मला अजिबात पटलेलं नाही पण बुवाच म्हणाले वाजवू दे, एकदा साधं आणि एकदा त्याच्या मनाचं असं दोन्ही करू. आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी पोरांना आठ दिवस संबळ शिकवायचाय. संबळ दोनच आहेत आणि एकाचं कातडं गेलंय. मंडळाने खर्च उचलावा असा ठराव मी मांडला, एकाने विचारलं यातनं पोरांना पुढे काय मिळणार. ठराव पास झाला. विचारणाऱ्याचं नाव लिहीत नाही.

नावं कुणाचीच लिहीत नाही खरं तर. गेल्या वर्षी आभारात एक नाव राहिलं आणि ती मावशी माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही, म्हणून कमिटीने ठरवलं की फक्त कामं लिहायची. तर, ऊस रसवंतीवाल्याकडनं फुकट आणणारे कोपरखैरण्याचे भाऊ. पिठलं-भाकरी आणि खर्डा करणाऱ्या सहा जणी, सात, सातवी उशिरा आली पण तिनेच सगळ्या भाकऱ्या मोडून वाढल्या. टेम्पो. टेम्पोवाल्याचा मुलगा ज्याने खुर्च्या उतरवल्या. रांगोळी काढणाऱ्या दोघी, नणंद-भावजय, वेगवेगळ्या कोपऱ्यात काढली पण छान काढली. जनरेटरसाठी धावलेला जावई (गावचा जावई, म्हणजे सगळ्यांचाच). दिवटीवर लक्ष ठेवणारा वॉचमन, त्याला मराठी येत नव्हतं पण आरतीला टाळ्या वाजवत होता. संबळाचे माईक न रागावता काढणारा साऊंडवाला. चपला सांभाळणारी दोन पोरं. गेल्या वर्षीची मावशी, यंदा हळदीकुंकवाचं सगळं तिनेच बघितलं, हे मुद्दाम लिहितोय.

आणि काल पासबुक भरून आणलं. ते ५०१ रुपये मेळाव्याच्या रात्री आलेले, ११ वाजून ५२ मिनिटांनी, बदलापूरहून. पावती फाडून ठेवलीय माझ्याकडे. पोस्टाने पाठवणार नाही.