बाजरीच्या माहेरी

पहाटेची अजान संपते न संपते तोच अंगणात ठक्क-ठक्क सुरू होतं. पहिल्या दिवशी मच्छरदाणीत पडल्या पडल्या मला कळेचना, मी कुठे आहे. संगमनेरजवळच्या आमच्या गावी आजी कांडायला बसायची, त्या आवाजाने मी कितीदा जागी झाले आहे! बाहेर आले तर दोन मुली कमरेइतक्या उंच लाकडी उखळाशी उभ्या होत्या. एकीचं मुसळ वर जायचं तेव्हा दुसरीचं खाली यायचं. उखळात बाजरी होती.

हे गाव पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमधलं, थिएस शहरापासून घोडागाडीच्या अंतरावरचं. मी बाराव्या वर्षी आई-बाबांबरोबर न्यू जर्सीला गेले, तिथेच शिकले, आणि नोकरी सोडून पीस कोअरमध्ये शेतीची स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. परदेशात स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकी सरकारची ही संस्था १९६१ साली सुरू झाली आणि १९६३ पासून सेनेगलमध्ये काम करते आहे. दोन वर्षांचं खरं काम सुरू होण्याआधी साधारण दहा आठवड्यांचं प्रशिक्षण असतं. त्यातले काही दिवस थिएसच्या केंद्रात जातात, बाकीचे अशा गावात, एका कुटुंबात, त्यांची लेक होऊन.

लेक हा शब्द मी सहज वापरत नाही. पहिल्याच संध्याकाळी घरातल्या आजीने मला स्वतःचं नाव दिलं. ज्याचं नाव आपल्याला मिळतं तो आपला 'तूरांदो'. हे नातं नुसतं नावापुरतं नसतं, त्यात माया असते आणि जबाबदारीही असते. घरचं आडनाव न्जाय, म्हणून मीही न्जाय झाले. आता वाटेत कोणी जोप आडनावाचा भेटला की तो मला खादाड म्हणणार, आणि मी त्याला तेच परत ऐकवायचं. न्जाय आणि जोप यांच्यात पिढ्यान् पिढ्या थट्टेचं नातं आहे. भाषा येत नसताना या थट्टेने मला जेवढी माणसं जोडून दिली तेवढी कुठल्याच धड्याने दिली नाहीत.

सकाळी आठला वर्ग, कडुनिंबाच्या सावलीत. आम्ही चौघं प्रशिक्षणार्थी, एक शिक्षक आणि झाडाला टेकवलेला फळा. भाषा वोलोफ. पहिले तीन दिवस फक्त नमस्कार-चमत्कार! "नांगा देफ?" म्हणजे कशी आहेस? उत्तर "मांगी फी रेक", शब्दशः 'मी इथेच आहे'. मग "नाका वा केर गा?", घरची मंडळी कशी आहेत? उत्तर "ञु न्गा फा", 'ती तिकडे आहेत'. बरं-वाईट काही नाही. माणसं जागच्या जागी आहेत, एवढंच सांगायचं.

वर्गातून घरी जायला पाच मिनिटं पुरावीत, मला अर्धा तास लागायचा. प्रत्येक दारात थांबायचं, हात मिळवायचा, घरच्यांची विचारपूस करायची. अमेरिकेतल्या घाईची सवय असलेल्या माझ्या सोबत्यांना हे जड गेलं. मलाही गेलंच. पण दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी डोकं दुखतंय म्हणून सरळ घरी आले, तर संध्याकाळी तीन घरांतून माणसं बघायला आली, मुलगी आजारी आहे का म्हणून. त्यानंतर मी एकही दार चुकवलं नाही.

बादलीने आंघोळ, चटईवर बसून जेवण, उजवा हात जेवायला आणि डावा नाही, शौचाला पाण्याचं भांडं घेऊन जाणं, यातलं काहीच मला शिकावं लागलं नाही. माझ्या सोबत्यांना याचाच सराव करावा लागत होता. घरातल्या मुलींना मी भारतातली आहे हे कळल्यावर तर त्यांनी फ्रेंचमध्ये डब केलेल्या हिंदी मालिकांतल्या सगळ्या सासवांची चौकशी केली.

दुपारचं जेवण दोनच्या पुढे. एकच मोठी परात, भोवती आम्ही आठजणी. चेबू जेन, म्हणजे टोमॅटोत शिजवलेला लालसर भात, त्यावर मासा, गाजर, कोबी, कसावा. २०२१ मध्ये युनेस्कोने या पदार्थाला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. परातीत प्रत्येकीची जागा ठरलेली असते. आपल्या समोरचं तेवढं खायचं, दुसऱ्याच्या हद्दीत हात घालायचा नाही. मासा मात्र मध्यभागी, आणि तो घ्यायचा नाही, तो दिला जातो. याय, म्हणजे आई, बोटांनी त्याचे तुकडे करून एकेकीच्या समोर सरकवते. माझ्यापुढे सतत काटे काढलेला तुकडा यायचा. "सूर ना", पोट भरलं, असं मी म्हटलं की ती म्हणायची, "लेक्कल!" जेव! आजीचा आग्रह ज्याने सोसला आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

रात्री बहुतेक वेळा चेरे, बाजरीच्या पिठाच्या बारीक कण्या वाफवून केलेला. त्यावर शेंगदाण्याचं आणि पाल्याचं कालवण. पाल्याला ते 'नेबेदाय' म्हणतात. पहिल्या घासाला चव ओळखीची वाटली, पण नाव आठवेना. दुसऱ्या दिवशी परसात झाड पाहिलं तर शेवगा! हिमालयाच्या पायथ्याचं हे झाड इथे शेंगांसाठी नाही, पाल्यासाठी लावतात. प्रशिक्षणात आम्ही त्याचेच वाफे केले: दोन फावडी खोल खणायचं, शेणखत आणि राख मिसळायची, बिया दाट लावायच्या आणि झाड होऊ न देता पाला खुडत राहायचा. ज्या कडुनिंबाखाली बसून मी वोलोफ शिकत होते तोही आपल्याकडूनच इकडे आलेला.

आणि बाजरी इकडून आपल्याकडे गेली. हे मला एका प्रशिक्षकाने शेतात उभं राहून सांगितलं. शेजारच्या माली देशातल्या तिलेम्सी खोऱ्यात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या खापरांत लागवडीच्या बाजरीच्या खुणा सापडल्या आहेत. तिथून ती समुद्र ओलांडून भारतात पोहोचली. चवळीही आफ्रिकेचीच. मी इतकी वर्षं बाजरीला आमचं, घाटावरचं धान्य समजत होते. कोठारात बांधून ठेवलेल्या कणसांच्या पेंड्या हातात घेतल्या, तेव्हा ती हातभर लांब होती. आमच्याकडची वीतभर. आपण शेती शिकवायला आलो आहोत ही जी कल्पना मी मनात घेऊन आले होते, ती मी तिथेच खाली ठेवली.

या घरातल्या बाबांनी, म्हणजे 'बाय'नी, मला शेत दाखवलं. मधे मधे काद्दची मोठी काटेरी झाडं होती. ती कोणी तोडत नाही, कारण काद्द उलटं वागतं. पावसाळ्यात पानं गाळतं, म्हणून पिकाला ऊन मिळतं. उन्हाळ्यात हिरवं असतं, तेव्हा गुरं त्याखाली बसतात, शेंगा खातात आणि शेण तिथेच पडतं. त्याखालची बाजरी बाकीच्यापेक्षा ठळक जोमदार येते. खुरपणीचं अवजार 'इलेर': लांब दांडा, टोकाला चंद्रकोरीसारखं पातं. उभ्याने पुढे ढकलायचं. गावाकडच्या माझ्या आजीची सगळी उमर खुरपं घेऊन उकिडवी बसण्यात गेली, तिचे गुडघे त्यात गेले. तो दांडा हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले.

जून संपत आला तरी आभाळ कोरडंच. एके सकाळी बायनी पेरणीयंत्राला घोडा जुंपला आणि तापलेल्या वाळूत बाजरी पेरायला सुरुवात केली. सगळे असंच करत होते. पहिल्या पावसाचा एकही दिवस वाया जाऊ नये म्हणून. पावसाला फार उशीर झाला तर बी वाया जातं, मुंग्या नेतात, मग पुन्हा पेरायचं. मी घोड्याच्या पुढे दोर धरून चालत होते. तासाच्या शेवटी वळताना बाय प्रत्येक वेळी आभाळाकडे बघायचे.

त्या संध्याकाळी आजीचा फोन लागला. तिने आधी विचारलं, जेवलीस का, आणि मग लगेच, "पेरण्या झाल्या का तिकडं?"

"झाल्या आजी. पाऊस नाही, तरी पेरलं. मातीत नुसतं."

"धूळपेरणी म्हण की! आपल्याकडं कपाशीची करत्यात तशी. काय पेरलं?"

"बाजरी."

आजी थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मग यील पाऊस. त्या बाईला सांग."

मी ते यायच्या कानावर घातलं. यायने हात पदराला पुसले, फोन माझ्याकडून घेतला आणि संगमनेर तालुक्यातल्या माझ्या आजीला वोलोफमध्ये विचारलं, घरची मंडळी कशी आहेत. आजी पलीकडून मराठीत मोठ्याने सांगत होती, की गाय व्यायलीये, काका विहिरीवर गेलेत, आणि पोरीला मासे फार आवडतात. याय मान डोलवत ऐकत होती. अधूनमधून "जाम रेक, जाम रेक" म्हणत होती, शांती, फक्त शांती. शेजारी उखळात मुलींनी रात्रीची बाजरी ओतली होती.