बुवांची दिंडी, आजींचा योसेफ

बेने इस्रायल म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या मराठी कीर्तनाबद्दल मी कुठंही बोलले की शेवटी एक हात हमखास वर येतो. प्रश्न आपुलकीनंच विचारलेला असतो, पण ठरलेला. "म्हणजे ताई, त्यांनी आपलं कीर्तन घेतलं, असंच ना?" बरेचदा तोवर माइकवाल्यानं वायरी गुंडाळायला घेतलेल्या असतात, चहा निवत असतो, आणि मी "हो, तसं म्हणता येईल" असं पुटपुटून सुटका करून घेते. घरी येताना मात्र ते वाक्य दातात अडकलेल्या सुपारीसारखं टोचत राहतं. तुम्ही परत विचारलंत, म्हणून या वेळी नीट सांगते.

आमचं घर अलिबागला, इस्रायल आळीपासून हाकेच्या अंतरावर. आजोबा नारदीय कीर्तनकार. सगळं गाव त्यांना बुवा म्हणायचं, आणि गावाचं ऐकून आम्ही नातवंडंही. रामनवमीला नऊ दिवस, गोकुळाष्टमीला, नवरात्रात, कुणी बोलावलं तर रेवदंड्याला नाहीतर पेणला. पूर्वरंगात निरूपण, मग बुक्का-हार, मग उत्तररंगात आख्यान. मला पूर्वरंगात हटकून झोप यायची. आख्यान सुरू झालं की आई चिमटा काढून उठवायची.

आळीतल्या एका आजींकडे माझं जाणंयेणं होतं. नऊवारी नेसणाऱ्या, कपाळ मोकळं, बोलणं अस्सल अष्टागरी. त्यांच्याकडे सणांची नावं ऐकून मी चक्रावून जायची, कारण ती सगळी मराठी होती आणि आमच्या कॅलेंडरात एकही नव्हती. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. एका कडक उपासाचं नाव तर बिरड्याचा रोजा. एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावानं मलिदा असायचा तेव्हा ओले केलेले पोहे, खवलेलं खोबरं आणि गूळ एकत्र कालवलेलं मोठं ताट आणि भोवती फळं मांडलेली. त्या दिवशी मी शाळेतून परस्पर तिकडेच.

असंच एकदा नारळ खवता खवता त्या काहीतरी गुणगुणत होत्या. मी कान टवकारले. "आजी, ही तर आमच्या बुवांची चाल!"

"मग?" त्यांनी मान वर न करताच विचारलं. "आता तुझ्या बुवांना भाडं द्यायचं काय गो?"

चाल दिंडीची होती, म्हणजे कीर्तनातल्या त्या नावाच्या वृत्ताची. कीर्तनाच्या घरात वाढलेल्या पोराला दिंडी शिकवावी लागत नाही. चरणाला एकोणीस मात्रा, नवाला जरा टेकायचं आणि उरलेल्या दहा घेऊन खाली उतरायचं. बुवांच्या दिंडीत ध्रुवाला सावत्र आई बापाच्या मांडीवरून उठवायची. आजींच्या दिंडीत योसेफाला त्याचे भाऊ विहिरीत टाकत होते.

मी धावत घरी जाऊन बातमी दिली. माझी अपेक्षा अशी की बुवा एकतर रागावतील किंवा भारावतील. त्यांनी विचारलं, "मात्रा नीट पडत होत्या का?" मी म्हटलं, हो. "मग झालं तर." आणि थोड्या वेळानं, "विहिरीत टाकलेल्या पोराचं पुढं काय झालं, ते विचारून ये."

इथून माझी टपालकी सुरू झाली. आजी भाजी निवडताना जेवढं सांगतील तेवढं मी रात्री बुवांना सांगायचं. बापानं लाडक्या मुलाला दिलेला नक्षीदार झगा, तो रक्तात बुडवून बापापुढं टाकणारे भाऊ, मिसरातला तुरुंग, सात लठ्ठ गाई आणि सात रोडक्या गाईंचं स्वप्न. हप्त्याहप्त्यानं. बुवा मधेच अडवून शंका काढायचे. "बापाला संशय कसा आला नाही?" ती शंका घेऊन मी सकाळी आळीत. आजी म्हणायच्या, "बापाला संशय आला असता तर गोष्ट तिथंच संपली असती, सांग त्यांना." दोघं एकमेकांशी उभ्या आयुष्यात फार तर दहा वाक्यं बोलले असतील. त्या काळच्या रीतीप्रमाणे रस्त्यात भेटले तर नुसती मान हलवायचे.

पुढच्या रामनवमीला भरतभेटीच्या आधी पूर्वरंगात बुवांनी बंधुप्रेमाचं निरूपण लावलं, आणि दृष्टांत घेतला. "एक म्हातारा होता, त्याला बारा मुलगे. अकरा भावांनी मिळून धाकल्याला..." नाव-गाव काही सांगितलं नाही. देवळावर कर्णा होता, त्यामुळे आळीत सगळं ऐकू जायचं. दुसऱ्या दिवशी आजींनी मला बोलावून घेतलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "बुवांना सांग, अकरा नव्हते, दहा होते. बिन्यामीन घरी होता. त्या लेकराच्या माथी पाप नको." बुवांची वही आज माझ्याकडे आहे. त्या दृष्टांताच्या टाचणात 'अकरा' खोडून वर पेन्सिलीनं 'दहा' लिहिलंय.

आता तुमच्या 'घेतलं' या शब्दाकडे येते.

बेने इस्रायलांची स्वतःबद्दलची कथा अशी, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचं जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. हिब्रूतली उरली ती 'शेमा'ची प्रार्थना. ते कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. गावावरून पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर अशी आडनावं पडली. पुढं मंडळी मुंबईला गेली, कुणी पलटणीत, कुणी बांधकामात. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच आलं असं सांगतात.

एकोणिसाव्या शतकात कोचीनच्या, बगदादच्या ज्यूंकडून आणि, गंमत म्हणजे, ख्रिस्ती मिशनऱ्यांकडूनही त्यांना हिब्रू पुन्हा शिकायला मिळाली. जॉन विल्सननं तर मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. पण प्रार्थना म्हणता येणं वेगळं आणि कळणं वेगळं. घरातल्या बायकांना, घाण्यावरच्या माणसाला अब्राहाम कोण, मोशे कोण, हे सांगायचं कुणी? १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापलेली त्यांची हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायची पोथी, पाहिलीत तर तिच्या चित्रात बायका लुगडी नेसून वल्हांडणाच्या रोट्या करताना दिसतात. माझ्या मते त्या काळच्या गरजेचं याहून नेमकं चित्र नाही. आपली गोष्ट आपल्या अंगावरच्या कपड्यांत दिसायला हवी होती.

आणि ऐकायलाही यायला हवी होती. १८८०च्या सुमारास मुंबईत काही बेने इस्रायलांनी कीर्तनं सुरू केली. अब्राहामाचं आख्यान, योसेफाचं, एलियाहूचं. ओव्या, साक्या, दिंड्या रचल्या. त्याच १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं, त्यातही साक्या-दिंड्याच. म्हणजे ही वृत्तं तेव्हा हवेतच होती. हवेतून घेतलेल्या गोष्टीला 'तुमच्याकडून घेतलं' म्हणायचं का? 'तुमच्याकडून' म्हणजे तरी कुणाकडून? त्यांची आडनावं पेणची, सणांची नावं मराठी, भांडण मराठीत, अंगाई मराठीत. मग दिंडीच तेवढी परकी कशी?

शिवाय कीर्तन कधी एका घरचं राहिलंच नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ओव्या-अभंग लिहिले. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं ख्रिस्ताचं सगळं चरित्र ओवीत घातलं, ते १६१६ साली छापलं गेलं. नगरच्या रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनं केली. कीर्तनाची घडणच तशी आहे. कुणीतरी उभं राहतं, गोष्ट सांगतं, मधे थांबून पद म्हणतं आणि बसलेल्यांना ध्रुपद धरायला लावतं. ध्रुपद धरताना तुमचा देव कोणता हे कुणी विचारत नाही.

तरी मला गोडगोड चित्र उभं करायचं नाही. 'शनवार तेली' या नावात शनिवार त्यांचा होता, 'तेली' म्हणून पायरी ठरवणारे आपण होतो. खुद्द त्यांच्यातही गोरे आणि काळे असा भेद होता. आजींच्या हातचा मलिदा मी खायचे, पण माझी आजी त्यांच्याकडे पाणीही प्यायली नाही, आणि तिच्याच नवऱ्याच्या वहीत तो 'दहा' आहे. गाण्यानं भिंती पडतात असं भाषणांत म्हणतात. आमच्याकडे एकही भिंत पडली नाही. दिंडी भिंतीवरून जात-येत होती, आणि तिच्याबरोबर गोष्ट. मला तरी तेवढंच खात्रीनं सांगता येतं. सांस्कृतिक एकतेच्या नावाखाली सहा धर्मांची सहा गाणी पाच-पाच मिनिटं म्हणवून घेणारे कार्यक्रम मी पाहिलेत. तिथं कुणी कुणाच्या गोष्टीत चूक काढत नाही. चूक काढायला ती आधी मन लावून ऐकावी लागते.

१९४८ साली इस्रायल देश झाला, आणि त्यानंतर मंडळी तिकडे जाऊन आळी हळूहळू रिकामी होत गेली. तिकडे पोचल्यावर, तुम्ही खरे ज्यू का, असा प्रश्न त्यांना लग्नाच्या नोंदणीवेळी विचारला गेला. त्यावर जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली आणि १९६४ साली तिथल्या संसदेनं त्यांच्या बाजूनं ठराव केला. इथं शनवार तेली, तिथं हिंदी. पुढं तिकडे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं, आणि कीर्तनाची पदं बायकांच्या मंडळांनी धरून ठेवली. आमच्या आजीही गेल्या, मी कॉलेजात असताना. जाताना मला खवणी देऊन गेल्या. बुवांसाठी निरोप नव्हता, तो मी उगाच शोधत बसले.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नातीनं मला शोधून काढलं. इस्रायलमधल्या अश्दोदला राहते, मराठी समजते, बोलताना अडखळते. तिच्या मुलीच्या मेंदीला बायकांना योसेफाची दिंडी म्हणायची होती, शब्द हिब्रू लिपीत लिहून घेतलेले होते, पण चालीबद्दल वाद होता. मला पाठवाल का, असं तिनं विचारलं. मी लगेच फोनवर गाऊन पाठवली. अर्ध्या तासात उत्तर आलं, "मावशी, छान आहे. पण आजी असं नाही म्हणायची." सोबत जुन्या कॅसेटवरून उतरवलेला आवाज.

मी ऐकला. माझी दिंडी इतक्या वर्षांत नाट्यसंगीत ऐकून ऐकून हरकतींनी भरली होती, नवव्या मात्रेवर टेकायचं तिथं मी सरळ तान घेत होते. बुवांचं ध्वनिमुद्रण कुणीच केलेलं नाही. कॅसेटमध्ये आजी नवव्या मात्रेवर टेकल्या, घोटभर थांबल्या आणि शेवटचा शब्द किंचित नाकात घेऊन खाली सोडला. ते नाकातलं सोडणं बुवांचं.

तिला लिहिलं, आजींचीच धरा. आणि ती कॅसेट पूर्ण पाठव, मला शिकायची आहे.