हँग, हंग आणि हँग्ड

इंग्रजीच्या भूतकाळाची खरी गंमत गो-वेंट-गॉनमध्ये नाहीच. ते शाळेत पाढ्यांसारखं घोकून घेतात, झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. घोळ होतो तो अर्धवट ओळखीच्या क्रियापदांचा, म्हणजे जी महिन्यातून एखाद्या वेळी समोर येतात आणि तेव्हाच नेमकी दगा देतात.

लाय आणि ले घ्या. लाय म्हणजे आडवं पडणं, ले म्हणजे काहीतरी ठेवणं, इथवर ठीक. पण लायचा भूतकाळ ले! मग लेचा भूतकाळ लेड, आणि खोटं बोलण्याचा जो वेगळाच लाय आहे त्याचा लाइड. म्हणजे काल दुपारी सोफ्यावर पडलो होतो हे सांगायला आय ले ऑन द सोफा म्हणायचं, आणि स्पेलचेकला विचारावं तर त्याला सगळीच स्पेलिंगं बरोबर दिसतात. जन्माने इंग्रजी बोलणारेही सर्रास आय लेड डाऊन म्हणतात, आणि खरं सांगू, मला त्यांचंच पटतं. तसं बघितलं तर ही आपली पडणे-पाडणेचीच जोडी आहे, एक आपण होऊन होतं, दुसरं कोणीतरी करतं. फक्त आपल्याकडे पाडणेचा चेहरा पडलेसारखा नाही, एवढं डोकं वापरलंय.

हँगचं अजून भारी. फोटो भिंतीवर हंग, पण माणसाला फाशी दिली तर हँग्ड. जुन्या इंग्रजीत टांगण्याची दोन क्रियापदं होती, ती पुढे एकमेकांत मिसळली, आणि कोर्टाने मात्र जुनं रूप सोडलं नाही. आपल्या 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 354 मध्येही हँग्ड बाय द नेकच होतं. आपला मोबाईल बिचारा नुसता हँग 'झाला', पुढे झाला लावला की काम संपलं, हंग का हँग्ड कोण विचारतंय!

2007 साली नेचर या विज्ञानाच्या मासिकात एक पेपर आला होता. संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेतली, त्यातली आज फक्त 98 अनियमित उरलीत, बाकीची गपचूप शेवटी -ed लावून मोकळी झाली. हेल्पचा भूतकाळ एके काळी होल्प होता म्हणे! हिशोब असा निघाला की जे क्रियापद 100 पट कमी वापरतात ते 10 पट लवकर नियमित होतं. वेंट टिकलं कारण ते रोज तोंडात असतं. आपलं केलं पण तसंच, लहान पोरं आधी 'मी करलं' म्हणतात, तिकडची वेंटऐवजी गो-एड (goed) म्हणतात, आणि मग दिवसभर मोठ्यांचं ऐकून ऐकून आपोआप सुधारतात. ले आणि हँग्ड एवढे ऐकूच येत नाहीत तर पोरं सुधारणार कशी, आणि मोठे तरी कसे?

त्याच पेपरमध्ये पुढचा नंबर वेडचा सांगितलाय, म्हणजे लग्न करणं, त्याचा भूतकाळ आता वेडेड होणार. होऊ दे की. आपल्याकडे हॉलच्या गेटवर फुलांच्या अक्षरात जे वेड्स लिहितात ते वर्तमानकाळातलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डेकोरेशनवाला बोर्ड काढून नेतो, भूतकाळाची वेळच येत नाही.