सकाळच्या पाण्यात डाळ शिजत नाही

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मला एकोणीस वर्षं झाली. सोसायट्यांचे फोन येतात त्यातले निम्मे तरी जड पाण्याचे असतात. नळांवर पांढरे थर बसतात, गिझरची कॉइल जाते, साबणाला फेस येत नाही, केस गळतात. पुण्याच्या कडेची उपनगरं बोअर आणि टँकरवर वाढली आणि आपल्या काळ्या खडकातून वर येणारं पाणी क्षार घेऊनच येतं. त्यामुळे गेल्या पावसाळ्यानंतर दक्षिणेकडच्या एका सोसायटीतून फोन आला तेव्हा मी नेहमीचं काम म्हणूनच गेले.

सेक्रेटरींच्या टेबलावर सॉफ्टनरचं, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं, कोटेशन तयार होतं. कमिटीची मंजुरी झाली होती, फक्त जोडायला आमचा रिपोर्ट हवा होता. "मॅडम, हार्डनेस तेवढा काढून द्या. बाकीचं नको, खर्च वाढतो."

वापरायला बोअर आणि प्यायला कॉर्पोरेशनचं पाणी, अशा दोन वेगळ्या लाइन तिथे होत्या. तक्रार मात्र बी विंगच्या पिण्याच्या नळाची होती. मला हे पटेना. कॉर्पोरेशनचं पाणी खडकवासल्याचं. धरणात साठलेलं पावसाचं पाणी ते, मऊच असतं. त्याने किटलीत पांढरा थर का धरावा?

नमुने घेत फिरताना दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी दार उघडलं. त्यांच्या स्वयंपाकघरातून बाटली भरत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, आत्ता दुपारचं भरून काय कळणार तुला? सकाळच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही. चार शिट्ट्या घेतल्या तरी दाणा तसाच राहतो. संध्याकाळच्या पाण्यात तीच डाळ मेणासारखी होते. मी सांगते तर सून म्हणते, डाळच जुनी आहे."

जड पाण्यात डाळ शिजत नाही हे आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. पण एकाच नळाचं पाणी सकाळी जड आणि संध्याकाळी मऊ, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सहाच्या आत पुन्हा गेले. त्याच नळाचं पाणी सकाळी घेतलं आणि संध्याकाळीही घेतलं. शिवाय बोअरचं आणि रस्त्यावरून आत येणाऱ्या लाइनचं, असे दोन नमुने वेगळे.

हार्डनेसची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, तपासणी तशी साधी आहे. ५० मिली पाणी घ्यायचं, बफर घालायचं (त्या अमोनियाच्या वासाने अजूनही डोळे चुरचुरतात), चिमूटभर इंडिकेटर टाकला की पाणी जांभळट लाल होतं. मग ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीतून, ईडीटीए हे क्षार पकडणारं रसायन थेंब थेंब सोडायचं. शेवटी लाल छटा संपते आणि एका थेंबात सगळं निळंशार होतं. आत येणाऱ्या लाइनच्या पाण्याला २.९ मिली लागले, म्हणजे लिटरला ५८ मिलिग्रॅम. संध्याकाळच्या नळाला ३.८, म्हणजे ७६. सकाळच्या नळाला ९.४ लागले. १८८! बोअरचं पाणी ६२० भरलं.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे २०० पर्यंत हार्डनेस चालतो आणि दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे कागदावर सकाळचं पाणीही पास होतं. पण माझा प्रश्न वेगळा होता. ५८ चं पाणी रात्रीतून १८८ होतं कसं? त्यात जड पाणी मिसळतंय, हे उघड होतं. पण कुठून?

मला वाटलं, पाणी कमी पडलं की प्लंबर गुपचूप बोअरचं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये सोडणारा बायपास उघडत असणार. मी त्याला जरा कडक आवाजातच विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, वर्षभर त्या व्हॉल्व्हला हात लावलेला नाही." आणि त्याने नेऊन दाखवलं. व्हॉल्व्हचं हँडल काढून ठेवलेलं होतं, स्पिंडलवर गंज आणि कोळ्याचं जाळं. मी त्याची माफी मागितली.

मग आमच्या खर्चाने नायट्रेटची तपासणी केली. बोअरच्या पाण्यात १३, लाइनच्या पाण्यात २ आणि सकाळच्या नळाला २४. इथे मी खुर्चीतून उठलेच. २ आणि १३ एकत्र करून २४ होत नाहीत. मिसळणारं पाणी बोअरचं नव्हतंच. जमिनीतलंच, तितकंच जड, पण नायट्रेटने भरलेलं. आपल्या वस्तीत जमिनीत नायट्रेट येतं ते बहुतेक मैल्यातून. इथेही २४ हा आकडा ४५ च्या मर्यादेत, म्हणजे कागदावर पासच.

क्लोरीन मी सवयीने जागेवरच पाहिलं होतं. आत येणाऱ्या लाइनला ०.३ होतं, बी विंगच्या नळाला शून्य. जिवाणूंच्या तपासणीसाठी एच-टू-एसच्या कुप्या भरून ठेवल्या होत्या; पाण्यात मैल्यातले जंतू असले की त्या काळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्युबेटर उघडला तर बी विंगच्या तिन्ही कुप्या काळ्याकुट्ट. शेजारची लाइनच्या पाण्याची कुपी मात्र तशीच पिवळसर होती.

सेक्रेटरींना तिथूनच फोन केला, "आत्ताच्या आत्ता ग्रुपवर टाका. बी विंगने पाणी चांगलं उकळूनच प्यायचं. आणि आज रात्री पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी रिकामी करा, मी येते."

रात्री अकराला पंपाने टाकी उपसली. प्लंबर शिडीवरून आत उतरला, मी झाकणापाशी गुडघ्यावर बसून टॉर्च धरला. भिंती कोरड्या दिसत होत्या. पूर्वेच्या भिंतीला तळापासून हातभर उंचीवर एक बारीक ओली रेघ होती. पाच-सात मिनिटं आम्ही कोणी बोललो नाही. रेघेतून पाणी पाझरत होतं, ओघळ तळापर्यंत येऊन तिथे थारोळं होत होतं. ते पाणी स्वच्छ होतं, काचेसारखं. वास नाही, रंग नाही, मुरमातून गाळून आलेलं. त्या भिंतीच्या पलीकडे तीन फुटांवर ड्रेनेजचा चेंबर होता आणि त्याचा तळ फुटलेला निघाला.

पावसाळ्याने जमिनीतली पातळी वर आलेली. दिवसा टाकी भरलेली असेपर्यंत आतल्या पाण्याचा दाब बाहेरच्याला थोपवून धरायचा. रात्री टाकी तळाला गेली की बाहेरचं पाणी आत. पहाटे पंप लागायचा आणि तेच वर चढायचं. दुपारी कॉर्पोरेशनचं पाणी आलं की सगळं पातळ होऊन जायचं.

बैठकीत एक सभासद म्हणाले, "सगळे आकडे मर्यादेत आहेत, मग अयोग्य असं लिहून सोसायटीचं नाव कशाला खराब करता?" मी त्यांच्यासमोर काळी कुपी ठेवली. मग एकेक जण बोलू लागला. कोणाच्या मुलाला दोन महिने जुलाब थांबत नव्हते, कोणाला कावीळ होऊन गेली होती. प्रत्येकाने बाहेरच्या खाण्याला दोष दिला होता. कोणाचं दुखणं पाण्याचंच होतं हे मी सांगू शकत नाही. पण त्या संध्याकाळी सॉफ्टनरच्या कोटेशनकडे बघताना माझ्या अंगावर काटा आला. सॉफ्टनरचं रेझिन कॅल्शियम, मॅग्नेशियम पकडतं, बदल्यात सोडियम सोडतं. जंतूंना ते अडवत नाही. तो बसला असता तर किटल्या चकचकीत झाल्या असत्या, डाळ शिजली असती आणि तक्रार करायला कोणाकडे काही उरलं नसतं.

चेंबर नवा बांधला, टाकीला आतून वॉटरप्रूफिंग झालं, भरपूर क्लोरीन घालून टाकी आणि लाइन धुतल्या. तीन आठवड्यांनी पहाटे पुन्हा नमुने घेतले. नळाला क्लोरीन ०.२, हार्डनेस ६०, कुप्या अठ्ठेचाळीस तासांनंतरही पिवळ्याच.

रिपोर्ट द्यायला गेले तेव्हा आजींनी जेवायला बसवून घेतलं. पानात वरण वाढता वाढता म्हणाल्या, "सकाळच्या पाण्यातलं आहे. दोन शिट्ट्यांत झालं."

हल्ली नमुन्याच्या चिठ्ठीवर पत्त्याखाली मी एक रकाना वाढवला आहे: घरात स्वयंपाक कोण करतं? तपासणीआधी त्यांच्याशी बोलून घेते.