तुम्ही विचारलंत म्हणून: 'मोरॅलिटी'ला मराठीत काय म्हणायचं?

नैतिकता, नीतिमत्ता की नुसतं नीती? हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. मी भाषांतरं करते, तेव्हा मला ठाऊक असणार असा समज. मी दर वेळी आधी जराशी ओशाळते, कारण याच शब्दाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. खेळावरच्या एका पुस्तकात, लागोपाठच्या पराभवांनी संघाचं 'मोराल' खालावलं, असं वाक्य होतं. मी घाईत लिहून मोकळी झाले, 'संघाची नैतिकता खालावली होती.' तसंच छापूनही आलं. मनोधैर्य खचलेले ते बिचारे खेळाडू माझ्या कृपेने एका रात्रीत बदफैली ठरले.

तर आधी सरळ उत्तर. नीतिमत्ता माणसाची असते. 'त्यांच्या नीतिमत्तेबद्दल शंका नाही' असं आपण एखाद्या व्यक्तीबद्दल म्हणतो. नैतिकता बहुधा कृतीची किंवा निर्णयाची तपासली जाते. कायद्यात बसतं ते नैतिक असेलच असं नाही, हे म्हणताना आपल्याला हाच शब्द लागतो. (लिहिताना एवढं सांभाळा: एकटी 'नीती' दीर्घ, 'नीतिमत्ता' आणि 'नीतिशास्त्र' यांत मात्र 'ति' ऱ्हस्व.)

पण नैतिकतेचा आणखी एक अर्थ आहे आणि सगळा घोळ तिथे होतो. 'त्या काळची नैतिकता वेगळी होती' या वाक्यात नैतिकता म्हणजे त्या समाजाचे बऱ्यावाईटाचे संकेत. बोलणारा नुसतं वर्णन करत असतो, ऐकणाऱ्याला वाटतं हा माफीनामा लिहून देतोय. गुलाम बाळगणं अनेक समाजांच्या नैतिकतेत बसत होतं, आणि गुलाम बाळगणं अनैतिक होतं. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. पहिल्यात शब्द वर्णनाचा आहे, दुसऱ्यात निवाड्याचा. मी पाहिलेल्या तावातावाच्या कितीतरी वादांत दोन्ही बाजू हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरत होत्या आणि दोघांनाही समोरचा निर्ढावलेला वाटत होता.

आता 'नीती'. सदाचार म्हणजे नीती, हे खरं. मग कूटनीती, रणनीती यांत ती काय करते? तिथे चांगुलपणाचा मागमूस नाही, आहेत ते डावपेच. याचं कारण धातूत आहे. 'नी' म्हणजे नेणे. नेता, नायक, नयन, विनय, निर्णय हे सगळे त्याच घरातले. कुठे न्यायचं, हे धातू सांगत नाही.

हे लक्षात आल्यावर मी बाकीचे शब्दही उलगडून पाहिले आणि मला गंमत वाटली. आचार, आचरण, चारित्र्य, सदाचार, अत्याचार, भ्रष्टाचार, सगळ्यांच्या पोटात 'चर्' हा धातू, म्हणजे चालणे, फिरणे. बोलीतही तेच. मुलांना वळण लावायचं, कुणाचं पाऊल वाकडं पडतं, कुणी वाट सोडतं, कुणाचा पाय घसरतो, कुणी मार्गाला लागतं. आपली बऱ्यावाईटाची सगळी भाषाच पायांची आहे.

'मोरॅलिटी'चं मूळ मात्र निराळं. ग्रीकांकडे स्वभाव, सवय या अंगाने आलेला 'एथिकोस' हा शब्द होता. त्याला लॅटिनमध्ये काय म्हणावं, असा प्रश्न रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोला पडला. इ.स.पू. 44 मध्ये लिहिलेल्या 'दे फातो' ('नियतीविषयी') या ग्रंथात त्याने 'मोरालिस' हा शब्द योजला आणि भाषेत भर घालायची तर असा शब्द करायला हरकत नाही, असं स्वतःच नमूद केलं. 'मोस' म्हणजे रीत, रिवाज. म्हणजे शब्दाच्या मुळाशी चारचौघं काय करतात ते. मला यात सगळ्यात जवळचं काय वाटतं, तर तोही भाषांतराचीच अडचण सोडवत बसला होता. त्याचं निभावलं.

आपल्याकडे 'चर्'च्या घराण्यात एक दुर्दैवी शब्द निघाला, व्यभिचार. मूळ अर्थ नुसता वाट सोडून भरकटणं. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तर भरवसा ठेवता येणार नाही अशा हेतूला (युक्तिवादात दिलेल्या कारणाला) 'सव्यभिचार' म्हणतात, तिथे शय्यागृहाचा काही संबंध नाही. पण आज तो शब्द तिथेच अडकलाय. 'अनैतिक'ही त्याच वाटेने चाललाय. खोटे हिशेब लिहिले तर तो घोटाळा, शब्द फिरवला तर लबाडी, दुबळ्याला नाडलं तर अन्याय. प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे. 'अनैतिक संबंध' म्हटलं की मात्र फोड करून सांगावी लागत नाही. 'चारित्र्याच्या संशयावरून' हे बातमीतले दोन शब्द वाचून पुढे काय झालं असेल ते आपल्याला कळतं, आणि कुणाच्या चारित्र्याबद्दल ते चाललंय हेही.

परवा पुन्हा कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, आधी वाक्य पाठवा. वाक्य आलं: एका संस्थेच्या संचालिकेच्या 'मोरॅलिटी'वर सहकाऱ्यांनी प्रश्न उपस्थित केला. त्यांनी भाषांतर केलं होतं, 'तिच्या नैतिकतेवर सहकाऱ्यांनी प्रश्नचिन्ह उपस्थित केले.' व्याकरणात खोट नव्हती. मी विचारलं, बाईंनी केलं काय होतं? तर मिळालेल्या देणग्यांचा हिशेब दडवला होता.

मी 'नैतिकतेवर' खोडून 'सचोटीवर' लिहिलं. त्यांना पटेना, दोन्हींचा अर्थ एकच ना? मग मी त्यांच्याच वाक्यात 'तिच्या'च्या जागी 'त्याच्या' घातलं आणि त्यांना दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ मोठ्याने वाचायला सांगितली. 'त्याच्या'वाल्या वाक्यात त्यांना लगेच पैसे दिसले.